हळू चालायची कामं

या घरातल्या रविवारचा कुठलाही फोटो काढून बघा, त्यात सासऱ्यांची पाठ दिसेल. नातीला कडेवर घेऊन समोरून हसताना वगैरे एकही नाही. शहराच्या टोकाला, बस जिथून वळून परत फिरते तिथे, एक सपाट रान आहे. चढ नाही, उतार नाही, रुंद पायवाटा, आणि कुठली वाट कुठे जाते ते कळावं म्हणून झाडांच्या बुंध्यांवर रंगाचे पट्टे. पिवळ्या पट्ट्यांची वाट सगळ्यात सोपी. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि लठ्ठ कुत्री यांच्यासाठीच ती आखली असावी. दर रविवारी घरची मंडळी तिथे फिरायला जायची, आणि बसमधून उतरले रे उतरले की सासरे सुटायचे. मागच्यांनी डबे, बाटल्या आणि टोप्या सांभाळत यायचं. वळणावर पोचावं तर हे पुढच्या वळणावर. "चला, पाय उचला," एवढंच काय ते त्यांचं बोलणं कानावर पडायचं.

त्यांचाही दोष नव्हता. जन्मभर लिफ्ट दुरुस्तीचं काम केलेलं. फोन वाजला की पेटी उचलून पळायचं, कारण कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये कोणीतरी अडकलेलं असायचं आणि आतून दार बडवत असायचं. असा माणूस रमतगमत चालायला शिकणार कधी? सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, "यांचा चेहरा मी फक्त जेवताना बघितलाय. एरवी सगळा संसार पाठीशीच केला."

मग एका हिवाळ्यात त्यांना झटका आला. दवाखान्यातून घरी आले ते हुकूम मोडणारा डावा पाय घेऊन. जीभ थोडी जड झाली होती ती सुटली, हातही सुधारला, पण पाय मात्र फरपटायचा. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, "सपाट जागी चालवा. गर्दी नको, पायऱ्या नकोत. रोज थोडं, आणि सुट्टीच्या दिवशी जरा जास्त." घरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अशी जागा तर त्यांच्या चांगली ओळखीची होती.

पहिल्या रविवारी सगळ्यांनी मायेचा नुसता कहर केला. मुलाने बापाचा दंड धरला. हा मुलगा तरणतलावावर पोहायला शिकवायचा, त्यामुळे माणूस बुडतोय असं समजूनच धरायची त्याला सवय. सुनेने घडीचं स्टूल काखेत मारलं होतं. नात, जिला जन्मापासून एका जागी उभं राहणं माहीत नाही आणि म्हणून जिला घरात भिंगरीच म्हणतात, ती पुढे पळायची, परत यायची आणि आजोबांच्या तोंडाकडे बघून विचारायची, "दमलात?" पावलापावलावर तिघं थांबत होती. रात्रीच्या जेवणाला सूप संपवून सासऱ्यांनी वाटी बाजूला सारली आणि म्हणाले, "मी एक जागा बघून ठेवलीय."

जागा म्हणजे दोन बसथांब्यांवरचा वृद्धाश्रम. स्वच्छ, बरा होता. खोलीत नळाचं काम निघालं होतं, मग रंग द्यायचा होता. पानगळ सुरू व्हायच्या आत खोली तयार होणार होती.

"तुम्हाला इथे काय कमी आहे?" मुलाचा आवाज चढला.

"कमी काही नाही. तुम्ही माझ्यासाठी थांबता, ते मला बघवत नाही." एवढं बोलून ते उठले आणि काठी टेकत आपल्या खोलीत गेले. मुलगा तणतणत भांडी घासायला लागला. त्या रात्री त्याने दोन कप फोडले.

सून त्याच्या शेजारी भांडी पुसायला उभी राहिली. तिला राग आला नव्हता, भीती वाटली होती. हा माणूस घरातून गेला तर आपलं काय होईल, हा प्रश्न तिला नवऱ्याच्या आधी पडला होता, आणि त्याला कारण होतं.

ती दातांच्या कवळ्या बनवते. आता तिचं नाव आहे, दंतवैद्य तिच्याकडे साचे पाठवून निवांत झोपतात. पण लग्नानंतर तिने हे काम शिकायचं काढलं, तेव्हा घरादाराने तिला वेड्यात काढलं होतं. तिची स्वतःची आईसुद्धा म्हणाली, "दुसऱ्यांचे दात? हा काय धंदा झाला?" सासऱ्यांनी तेवढं विचारलं, "उजेड लागेल ना?" आणि घरातली एकुलती एक उजेडाची खोली, म्हणजे त्यांची स्वतःची, रिकामी करून दिली. स्वतः मागच्या अंधाऱ्या खोलीत गेले, जिची खिडकी शेजारच्या भिंतीकडे बघते. एवढ्यावर थांबले नाहीत. तिला साचे घेण्याचा सराव हवा होता, आणि तोंड उघडून बसणारं गिऱ्हाईक शिकाऊ मुलीला कुठून मिळणार? सासऱ्यांनी आपला जबडा दिला. संध्याकाळी कामावरून आले की खुर्चीत बसायचे, आ वासायचे, आणि ती थंड, चिकट लगद्याने भरलेला साचा त्यांच्या तोंडात दाबून धरायची. तो घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, गिळायचं नाही. कधी त्यांना उबळ यायची, डोळ्यांत पाणी यायचं, पण हाताने खूण करायचे, "चालू दे." साचा बिघडला की ती रडकुंडीला यायची. ते तोंड धुवून पुन्हा बसायचे. तिचा बाप तिच्या लहानपणीच घर सोडून गेला होता. बाप म्हणजे काय ते तिला या खुर्चीपाशी कळलं, आणि त्याबद्दल ती मनातल्या मनात रोज त्यांचे आभार मानायची. तोंडावर कधी मानले नव्हते. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानायचे तरी कसे?

तर तिने विचार केला. त्यांना चालण्याचं दुःख नाही, कोणी थांबतंय याचं आहे. मग कोणी थांबायचंच नाही. त्यांच्यापेक्षाही हळू चालायचं. सासरे आंघोळीला गेले असताना तिने नवऱ्याला आणि लेकीला स्वयंपाकघरात कोंडलं.

"म्हणजे नाटक करायचं?" नवरा म्हणाला.

"नाटक तुला जमणार नाही, तुझा चेहराच सांगतो सगळं. कामं काढायची. रानात प्रत्येकाला काहीतरी काम पाहिजे, वेळ खाणारं. आपण आपल्या कामात. ते आपले पुढे."

"मी काय काम काढू?"

"भूछत्रांचे फोटो काढ."

"मला भूछत्रातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर वेळ लागेल."

भिंगरीला झाडांवरून पडलेली बोंडं गोळा करायला सांगितलं, पण नुसती नाही. खारीने कुरतडलेली वेगळी, न कुरतडलेली वेगळी, उघडलेली वेगळी. त्या पोरीला एवढा वेळ वाकून राहायला लावणं म्हणजे शिक्षाच होती, पण आजोबांसाठी ती तयार झाली. आणि सुनेने स्वतःसाठी गुडघा निवडला.

"बाबा, माझा गुडघा धरलाय," ती सासऱ्यांना म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, सपाट जागी चाला. तुम्ही नसाल तर मीही जाणार नाही. एकटी मागे राहायला मला लाज वाटते." खोटं होतं, पण देवाने तिला ते माफ केलं असावं, कारण सासरे कपाळाला आठ्या घालत का होईना, बूट शोधायला उठले.

आणि जमलं की. पहिल्या वळणापर्यंत सासरे दोनदा मागे वळून बघते झाले. मुलगा ओल्या पाचोळ्यात पालथा पडून एका पांढऱ्या छत्रीच्या पोटाखाली कॅमेरा खुपसत होता. भिंगरी बोंडं नाकाशी धरून निवडत होती आणि सून एका हाताने गुडघा दाबत होती. कोणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. सासरे थोडा वेळ उभे राहिले, मग काठी टेकत पुढे निघाले. एकटे, पुढे, जिथे ते जन्मभर चालत आले होते. त्यांची पाठ झाडांमधून लांब जाताना बघून सुनेचे डोळे भरून आले. पाठ थोडी वाकडी झाली होती, पण होती. तेवढ्यानेही तिला जग जिंकल्यासारखं वाटलं.

पुढचे कितीतरी रविवार असे गेले. नवऱ्याला येणारे-जाणारे विचारायचे, "बरं वाटत नाहीये का?" एका कुत्र्याने त्याच्या पाठीवर पाय देऊन बघितलं. भिंगरीची बोंडं घरभर झाली, बुटांत, उशीखाली, एक तर दातांच्या भुकटीच्या डब्यात सापडलं. सून लंगडायची खरी, पण बोलण्याच्या नादात कुठल्या पायाने लंगडायचं ते विसरायची. सासऱ्यांची काठी मात्र दर आठवड्याला जरा जास्त ठाम पडत होती. आणि एका रविवारी वळणापलीकडून आवाज आला, "चला, पाय उचला." झटका आल्यापासून हे शब्द कोणी ऐकले नव्हते. मुलगा पालथ्याचा उठून बसला. चेहऱ्याला पाचोळा चिकटलेला, आणि तो वेड्यासारखा हसत होता. त्या दिवशी तिघांनाही वाटलं की खोलीचं आता बारगळलं.

बारगळलं नव्हतं. वृद्धाश्रमातून निरोप आला, नळाचं झालं, रंगही झाला, येत्या आठवड्यात येऊ शकता. सासऱ्यांनी पलंगाखालची बॅग ओढून काढली आणि तिचं कुलूप तेल घालून मोकळं करून ठेवलं.

"बाबा, आता तर तुम्ही आमच्या पुढे चालता," सून म्हणाली. भाजी चिरत होती ती सुरी तिने खाली ठेवली. "मग आता काय?"

"ठरलंय ते ठरलंय," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "तुम्ही चांगली माणसं आहात." त्यांच्या तोंडून असलं वाक्य कधी निघत नसे.

मग शेवटचा रविवार उजाडला. हवा सुरेख पडली होती, ऊन झाडांतून तिरपं येत होतं. कोणी कोणाशी काही ठरवलं नव्हतं, पण तिघांच्याही मनात एकच होतं, आजचं हे फिरणं संपायला नको. सून दर झाडाशी टेकायला लागली. मुलाने एकाच भूछत्राचे इतके फोटो काढले की ते बिचारं लाजलं असतं. भिंगरी तर बोंडं गोळा करून झाल्यावर ती परत जागच्या जागी ठेवायला लागली. घरातल्या माणसांनीच करावी अशी ही चूक. एकेकट्याने रेंगाळायचं सोडून तिघं मिळून एवढी रेंगाळली की सासरे पुढे किती गेले, त्याचं भानच कोणाला उरलं नाही.

वाट जिथे फुटते तिथे तिघं पोचली तेव्हा समोर कोणी नव्हतं. एरवी इथून त्यांची पाठ दिसायची. डावीकडे पिवळी वाट, उजवीकडे तळ्याची. दोन्हींवर पाचोळा आणि शांतता. मुलाने हाक मारली. उत्तर आलं नाही.

"तळं," मुलगा म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. ज्याने जन्मभर माणसांना पाण्यातून काढलं, त्याला आधी पाणीच आठवणार. त्याने भिंगरीचा हात धरला आणि तळ्याकडे पळाला.

सून पिवळ्या वाटेने पळाली. शाळेत असताना पळाली असेल तेवढंच, त्यानंतर नाही. ओढणी एका फांदीला अडकली, ती तिथेच सोडून पळाली. डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं. पडले असतील. पाय मुडपला असेल. पडून हाक मारत असतील आणि आपण तिकडे झाडाला टेकून गुडघा चोळत होतो. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"सूनबाई, गुडघा सांभाळून."

आवाज मागून आला. ती थांबली, वळली. वाटेपासून जरा आत, दाट पानांच्या झाडाखाली एक बाक होता. त्यावर सासरे बसले होते, काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून. ती त्यांच्या समोरून पळत गेली होती.

तिच्या जिवात जीव आला. ती कशीबशी बाकापर्यंत आली आणि त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी तिला श्वास घेऊ दिला.

"उजवा की डावा?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"दुखरा. पहिल्या रविवारी उजवा होता. मध्ये काही दिवस डावा दुखला. आज दोन्ही चांगले दिसतायत."

तिने मान खाली घातली. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"त्याच दिवसापासून. आणि आमचे चिरंजीव चिखलात लोळतात ते काही भूछत्रांच्या प्रेमाने नाही, हेही मला कळतं. पोरीला वाकवून वाकवून तिची कंबर मोडाल. घरातली तीन माणसं माझ्यापायी वेठीला धरलेली. आधी उघड थांबत होता, मग लपून थांबायला लागलात. म्हणून बॅग काढली."

"मग बोलला का नाहीत?"

ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले.

"इथे बसायची चटक लागली," ते शेवटी म्हणाले. "दर रविवारी बसतो. तुमचा आवाज आला की उठून चालायला लागतो, म्हणून तुम्हाला दिसत नाही. आज आवाजच येईना. बसून राहिलो." मग तिच्याकडे न बघता सांगू लागले. "मी वाट बघणारी माणसं पुष्कळ बघितली, बाई. माझं कामच ते. दार उघडलं की कोणी रडतंय, कोणी शिव्या घालतंय, एखादा माझी कॉलर धरतोय. मला वाटायचं, माणसाला वाट बघायला लावणं म्हणजे त्याला कोंडून घालणं. त्या पहिल्या दिवशी तुम्ही तिघं थांबत होतात, तेव्हा मला सारखं दार बडवल्याचं ऐकू येत होतं. पण इथे बसलो की आधी भिंगरीची बडबड ऐकू येते. मग तिला ओरडणारा तिचा बाप. मग त्याला ओरडणारी तू. वाट बघतो तर मला बरंच वाटतं. हे माझ्या डोक्यात बसत नाही. तू खरं सांग. त्या दिवशी माझ्यासाठी थांबत होतीस तेव्हा तुला काय वाटत होतं? कंटाळा आला होता?"

सुनेने जे खरं होतं ते सांगितलं.

"तुम्ही आत होतात तेव्हा मी दवाखान्यात बाकावर बसून वाट बघितली, बाबा. दाराकडे बघत. तुम्ही बाहेर येणार की नाही ते कोणी सांगत नव्हतं. वाट बघणं वाईट असतं ते तसं. इथे काय, तुम्ही येणारच असता. पाय ओढत या, बसत बसत या. मी उभी राहिले की तुम्ही झाडामागून येताना दिसता. मला तर वाटायचं, अजून हळू चाला. अजून एकदा थांबायला मिळू दे."

सासऱ्यांची हनुवटी हलत होती. साचा तोंडात असतानासुद्धा कधी हलली नव्हती.

"आणि तुमचे आभार कधी मानले नाहीत मी," ती म्हणाली. आता सुरुवात झालीच होती. "उजेडाच्या खोलीचे. सगळ्याचे. तुम्ही गेलात तर कुठे मानू?"

दूर तळ्याच्या बाजूने मुलाची हाक आली, मग भिंगरीची, बारीक आणि लांबच लांब. "आजोबा." सासऱ्यांनी सवयीने काठी सावरली, उठायला लागले, आणि पुन्हा खाली बसले. खिशातून फोन काढला, तो डोळ्यांपासून लांब धरून एकेक बटण दाबलं. पलीकडे कोणीतरी बाई बोलत होती, तिचा आवाज सुनेला ऐकू येत होता.

"ती खोली रंगवलीत ना," सासरे म्हणाले, "ती दुसऱ्या कोणाला द्या. नाही, मी येत नाही. तब्येत उत्तम आहे. कारण?" ते क्षणभर अडले. पाचोळ्यातून पळत येणारे पाय आता जवळ ऐकू येत होते, एक जड आणि एक हलका. "कारण असं लिहा, की घरी माझी वाट बघतात."

फोन खिशात ठेवून ते बाकावर थोडे सरकले, दोघांना जागा व्हावी म्हणून.